कागद वाचवा, पण पासबुक राहू द्या

प्रति,
मा. जिल्हा अग्रणी बँक व्यवस्थापक,
कोल्हापूर

विषय: शिरोली एमआयडीसीतल्या खातेदारांचा आणि बँकांचा वाया जाणारा कागद, शाई आणि रिबन



बँकेच्या भिंतीवर हिरव्या झाडाचं चित्र असलेली पाटी असते. कागद वाचवा, स्टेटमेंट मेलवर घ्या, असं तिच्यावर लिहिलेलं असतं. त्याच पाटीखालच्या टेबलावर कॅश क्रेडिटच्या नूतनीकरणासाठी लागणाऱ्या कागदपत्रांची यादी हातात पडते आणि तिच्यात ‘मागील बारा महिन्यांचे खाते उतारे, प्रत्येक पानावर सही-शिक्क्यासह’ अशी ओळ हमखास असते. पाटीही बँकेची, यादीही बँकेचीच. मी शिरोलीत एका छोट्या मशीन शॉपचा हिशेब लिहितो. यादीचं काम माझ्या वाट्याला येतं, म्हणून पाटी वाचून हसू येतं.

आपल्यालाच का लिहितोय तेही सांगतो. शाखा व्यवस्थापकांना सांगावं तर ते ‘वरून तसंच आलंय’ म्हणतात, आणि त्या वरच्यांपर्यंत आमची पोच नाही. 1969 साली धनंजयराव गाडगीळांच्या अभ्यासगटानं बँकांनी एकेका भागाचा मिळून विचार करावा असं सुचवलं आणि त्याच वर्षी डिसेंबरात रिझर्व्ह बँकेनं लीड बँक योजना सुरू केली. तुमचं पद त्यातून आलेलं. सरकारी, खासगी, सहकारी, सगळ्या बँकांना जिल्ह्यात एका टेबलाभोवती बसवण्याचं काम तुमच्याकडे असतं. बैठकीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, पण विषय मांडायचा तो तुम्ही. त्या बैठकीत पीककर्ज, मुद्रा, बचत गट यांवर बोललं जातं, जावंच. एकदा कागदावरही बोललं जावं एवढ्यासाठी हा खटाटोप.

सुरुवात पासबुकापासून करतो, कारण शिरोलीत बँक म्हणजे पासबुक. महिन्याच्या सात ते दहा तारखेच्या सुमाराला पगार जमा झाले की दुपारी पहिली पाळी सुटल्यावर पासबुक मशीनपुढे रांग लागते. खिशातून प्लॅस्टिकची पिशवी निघते. तिच्यात आधारची झेरॉक्स, दोन पासपोर्ट फोटो आणि पासबुक. हातावर फौंड्रीची काळी वाळू किंवा कूलंटचा ओशटपणा. पासबुकामागचा बारकोड घासून घासून पुसट झालेला असतो, मशीन तो वाचत नाही आणि पासबुक जसंच्या तसं परत ढकलतं. मागच्याचं आत जातं, सुया करकरतात, बाहेर येतं तर नव्या ओळी जुन्या ओळींवर छापलेल्या, कारण पान चुकीचं उघडलेलं होतं. तिसऱ्याचं नीट छापलं जातं, पण रिबन उतरलेली. आठ की तीन, हे उजेडात धरून ठरवावं लागतं. मग तो माणूस काउंटरवर जातो, आणि तिथं कुणी दयाळू भेटलंच तर तीच पानं दुसऱ्यांदा छापली जातात.

आता त्या पानांवर असतं काय? सकाळचा चहा, वडापाव, सांगली फाट्यापर्यंतचं वडाप, रिचार्ज, पुन्हा चहा. म्हणजे ‘चहा’ असं काही छापलेलं नसतं. यूपीआय हे अक्षर, बारा आकडी संदर्भ क्रमांक, टपरीवाल्याच्या नावाची पहिली चार-पाच अक्षरं, समोरच्या बँकेची खूण, अशी लांब शेपटी असते. दहा रुपयांच्या व्यवहाराला ओळ तेवढीच लागते, जेवढी पगाराला.

साधा हिशेब करून बघू. रोजचे तीनच व्यवहार धरले तरी वर्षाचे 1,095 होतात. पासबुकाच्या एका पानावर पंचवीस ओळी धरल्या तर ही झाली 44 पानं. शेपटी दुसऱ्या ओळीवर उतरली की पानं दुप्पट. पूर्वी एक पासबुक चार-पाच वर्षं पुरायचं. कारण पगार चेकनं नाही तर रोख मिळायचा, खात्यात महिन्याला दोन-तीन नोंदी व्हायच्या. 2016 साली यूपीआय आलं, नोटाबंदी झाली, पगार खात्यावर जमा व्हायला लागले, आणि पासबुकाचं आयुष्य महिन्यांवर आलं. व्यवहार कागदमुक्त झाले असं आपण म्हणतो, पण त्या प्रत्येक कागदमुक्त व्यवहाराची एक ओळ कुठल्या तरी रिबननं कुठं तरी छापली जाते आहे.

यावर उपाय तयार आहे आणि तो बँकांच्याच यंत्रणेनं केलेला आहे. सप्टेंबर 2022 मध्ये नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशननं यूपीआय लाइट आणलं. मोबाईलमध्येच एक छोटा गल्ला. खात्यातून त्यात एकदा पैसे टाकायचे, मग किरकोळ खर्च त्यातून करायचा. डिसेंबर 2024 मध्ये रिझर्व्ह बँकेनं मर्यादा वाढवली: एका वेळी 1,000 रुपयांपर्यंत खर्च करता येतो आणि गल्ल्यात 5,000 पर्यंत ठेवता येतात. पासबुकात नोंद होते ती फक्त गल्ला भरल्याची. महिन्यातून चार वेळा भरला तर वर्षाच्या 48 नोंदी, म्हणजे दोन पानं. कुठं 44 आणि कुठं दोन! चहाचा हिशेब बघायचाच असला तर तो ॲपमध्ये असतोच. एक खबरदारी मात्र सांगायला हवी: या गल्ल्यातून पैसे पिन न टाकता जातात, त्यामुळे फोनला कुलूप पाहिजे आणि पाचशे-हजारापेक्षा जास्त रक्कम त्यात ठेवायची गरज नाही.

मी आमच्या गल्लीतल्या शॉपांमध्ये विचारून पाहिलं. फोनवर दिवसभर पैसे पाठवणाऱ्या पोरांनाही हे माहीत नव्हतं. बँकेच्या भिंतीवरच्या झाडाच्या पाटीऐवजी एवढी एकच गोष्ट लिहा. झाडाला जास्त उपयोग होईल.

इथं एक गैरसमज होऊ नये म्हणून थांबतो. कागद वाचवायच्या नावाखाली पासबुकच बंद करा, असं म्हणणारे काही कमी नाहीत. तरुण, शिकलेले, एसीत बसणारे लोक असं बोलतात. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. व्यक्तिगत बचत खातेदाराला पासबुक दिलंच पाहिजे आणि त्याचा खर्च त्याच्याकडून घेऊ नये, अशी रिझर्व्ह बँकेची बँकांना सूचना आहे, आणि ती अगदी योग्य आहे. ओडिशातून, बिहारमधून आलेला मोल्डर घ्या. त्याचा फोन फुटतो, सिम बंद पडतं, नंबर बदलतो, ओटीपी येईनासा होतो. पासबुक उरतं. त्यावर त्याचा फोटो आहे, खाते क्रमांक आहे, शाखेचा आयएफएससी आहे, वारसाची नोंद झालेली असल्याची खूण आहे. मालकानं न दिलेला, तरीही त्याच्या मजुरीचा पुरावा असलेला तो त्याच्या हातातला एकमेव कागद. पगार कमी आला का, हप्ता दोनदा कापला का, हे तो त्यावर बोट ठेवून विचारू शकतो. 22 जून 2017 च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेनं बँकांना बजावलं आहे की, पासबुकातल्या नोंदी खातेदाराला उमजतील अशा तपशीलवार हव्यात, आणि ठेवींच्या विम्याची माहितीही त्यात हवी. हा विमा 4 फेब्रुवारी 2020 पासून पाच लाखांचा आहे. एवढं महत्त्वाचं पान चहाच्या ओळींनी भरून जाऊ नये, म्हणून तर आधीचा सगळा हिशेब मांडला.

एटीएमच्या चिठ्ठीबद्दल मात्र मला काडीची दया नाही. तो थर्मल कागद असतो, त्यात शाई नसतेच. उष्णतेनं काळा होणारा लेप असतो. भट्टीजवळ काम करणाऱ्याच्या खिशात तो अख्खा काळवंडतो, प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवला तर अक्षरं उडून जातात. पुरावा म्हणून तो जपून ठेवणाऱ्यांना माझा एकच सल्ला: मशीन ‘पावती हवी का?’ विचारतं तेव्हा नाही म्हणा.

आता आमच्यासारख्या हिशेब लिहिणाऱ्यांच्या घरातल्या फायली. प्रत्येक महिन्याचं स्टेटमेंट मेलवर येतं, आणि मेलवर आलेलं खरं नव्हे अशी एक समजूत असल्यानं लोक ते छापून ठेवतात. छापलेल्या प्रतीचं वजन किती असतं, ते त्यांना कुणी सांगत नाही. 1891 च्या बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्टमध्ये नंतर दुरुस्ती होऊन संगणकातल्या नोंदींचे छापील उतारेही पुरावा ठरतात, पण ते बँकेनं प्रमाणित केलेले असावे लागतात. माहिती तंत्रज्ञान कायद्यानं 2000 सालीच इलेक्ट्रॉनिक नोंदीला कायदेशीर मान्यता दिली. म्हणजे बँकेची डिजिटल सही असलेली मूळ पीडीएफ फाईल आणि बँकेनं प्रमाणित केलेला उतारा, या दोहोंना वजन आहे. घरच्या प्रिंटरवर काढलेली प्रत या दोहोंपुढे सगळ्यात हलकी, आणि आपण शाई घालवतो नेमकी तिच्यावर.

त्या शाईचंही एकदा बघा. बहुतेक स्टेटमेंटांच्या पहिल्या पानावर रंगीत पट्टा, बोधचिन्ह, कर्जाची नाही तर क्रेडिट कार्डाची जाहिरात. मग एकाआड एक ओळ निळसर किंवा करड्या रंगानं भरलेली. शेवटच्या पानावर नुसत्या सूचना, आणि कधी कधी त्यामागे ‘स्टेटमेंट समाप्त’ एवढेच दोन शब्द असलेलं एक अख्खं पान. समर्थ रामदासांनी दासबोधात लेखनक्रियेवर एक स्वतंत्र समास लिहिला आहे. भोवताली जागा मोकळी सोडावी आणि मधे दाटीनं लिहावं, म्हणजे कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागत नाही, असं त्यात सांगितलं आहे. समासाच्या जागेलाही तिथं काम नेमून दिलेलं आहे. आमच्या स्टेटमेंटांत मोकळी जागा जाहिरातीच्या कामाला आहे आणि दाटी कुठंच नाही.

ज्यांना छापल्याशिवाय चैन पडत नाही त्यांच्यासाठी, आणि झेरॉक्सच्या दुकानात जाणाऱ्यांसाठी खास, थोडं सांगतो. बारा महिन्यांच्या बारा फायली काढण्यापेक्षा 1 एप्रिल ते 31 मार्च अशी तारीख टाकून एकच उतारा उतरवून घ्यावा. पट्टे, सूचना, जाहिराती बारा वेळा येण्याऐवजी एकदाच येतात. बँक एक्सेलमध्ये देत असेल तर तसा घ्यावा आणि नको ते रकाने काढून टाकावेत. मूल्य तारीख, शाखा क्रमांक, रिकामा चेक नंबर हे रकाने गेले की ओळ आटोपशीर होते. छापताना काळ्या-पांढऱ्यात, ड्राफ्टवर, कागदाच्या दोन्ही बाजूंना आणि एका बाजूवर दोन पानं. शेवटचं सूचनांचं पान वगळून पानांचा आकडा टाकायचा. चार पानांचं काम एका कागदावर होतं. अक्षर बारीक होतं हे खरं, आणि चाळिशी ओलांडलेल्यांनी दोनाऐवजी एकच पान घ्यावं. 2014 मध्ये अमेरिकेत एका शाळकरी मुलानं हिशेब मांडला होता की, सरकारनं गॅरामंड हा टाईप वापरला तर शाईचे कोट्यवधी डॉलर वाचतील. जगभर कौतुक झालं. मग जाणकारांनी दाखवून दिलं की, त्याच मापाला गॅरामंडची अक्षरं मुळातच लहान असतात, त्यामुळे बचत टाईपाची कमी आणि लहान अक्षराची जास्त. तेव्हा टाईपाच्या नादी लागू नका, पानं कमी करा.

शाईवरून एक आठवलं. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि पुणे-बंगळुरू वाहतूक बंद पडली, हे तुम्हाला सांगायला नको. चिखली-आंबेवाडीपासून खाली शिरोळ तालुक्यापर्यंत घरंच्या घरं पाण्यात होती. नंतर लोकांनी अंगणात कागद वाळत घातले तेव्हा दिसलं की, इंकजेटवर छापलेल्या उताऱ्यांचे निळे-जांभळे डाग उरले होते. लेसरवरचे आणि रिबनचे वाचता येत होते. लेसरची पूड कागदावर वितळून बसते, रिबनची शाई तेलकट, इंकजेटची बहुधा पाण्यात विरघळणारी. छापायचंच तर लेसरवर छापा, हा त्यातला धडा. आणि फाईल मेलमध्ये आणि आणखी एका ठिकाणी असेल, तर पुराचं पाणी तिथं पोचत नाही.

पण मेलवर सोडून विसरूनही चालत नाही. मनी लाँडरिंगविरोधी कायद्यानुसार बँकेला व्यवहाराच्या नोंदी किमान पाच वर्षं ठेवाव्या लागतात. त्याहून जुना उतारा मागायला गेलात तर तो मिळेलच याची खात्री नाही, आणि मिळाला तर शुल्क पडू शकतं. जीएसटीची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून 72 महिने ठेवायची असतात. म्हणून वर्षाला एक फाईल, नावात वर्ष आणि खात्याचे शेवटचे चार आकडे, आणि पासवर्ड काय आहे ते कुटुंबात आणखी एकाला माहीत. जन्मतारीख आणि नावाची चार अक्षरं जोडून बऱ्याच बँका पासवर्ड करतात. माणूस गेल्यावर कोणत्या बँकेचा कोणता, हे शोधत बसण्याची वेळ घरच्यांवर येते.

म्हणूनच एक पान मात्र मी कागदावर ठेवा असंच सांगेन. त्यात सगळी खाती, ठेवी, लॉकर, शाखा आणि वारस कोण, एवढंच लिहायचं. दहा वर्षं हात न लावलेल्या खात्यातले पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, आणि ते शोधण्यासाठी ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेला ‘उद्गम’ हे संकेतस्थळ सुरू करावं लागलं. घराघरात असं एक पान असतं तर त्याची गरज इतकी पडली नसती. पासबुकं भरून वाहतात आणि हे एक पान बहुतेक घरांत नसतं.

आता त्या यादीकडे येतो, जिच्यामुळे हे पत्र लिहायला बसलो. चालू खातं एका बँकेत, कॅश क्रेडिट त्याच बँकेत, आणि नूतनीकरणाला त्याच बँकेच्या त्याच खात्याचा बारा महिन्यांचा उतारा आम्ही छापून, पानापानावर शिक्का मारून त्याच बँकेत नेऊन द्यायचा. छोट्या शॉपच्या चालू खात्याचाही उतारा शंभर पानांच्या वर सहज जातो. एका शाखेत तर मी दिलेला गठ्ठा बाजूला ठेवून साहेबांनी संगणकावर खातं उघडून पाहिलं, आणि तेच बरोबर होतं. मग गठ्ठा कशाला? ‘फाईलला लागतो.’ फाईल कोण वाचतं, हे विचारायचं राहून गेलं.

दुसऱ्या बँकेचा उतारा लागत असेल तर त्यासाठी अकाउंट ॲग्रिगेटर आहेत. रिझर्व्ह बँकेनं 2016 मध्ये त्यांचे नियम केले आणि सप्टेंबर 2021 पासून व्यवस्था प्रत्यक्ष चालू झाली. खातेदारानं फोनवर संमती दिली की, एका बँकेतली माहिती दुसऱ्या बँकेकडे थेट जाते. किती दिवसांसाठी आणि कशासाठी, तेही संमतीतच ठरलेलं असतं. मधला माणूस ती वाचू शकत नाही. सगळ्या नागरी सहकारी बँका अजून त्यात आल्या नसतील, पण आल्या आहेत त्यांच्या शाखेतही आम्हाला प्रिंटच मागितली जाते.

आणि हे बदलता येतं याचं उदाहरण आमच्याच कामगारांनी पाहिलं आहे. पीएफचा ऑनलाईन दावा करताना रद्द चेकचा किंवा बँकेनं साक्षांकित केलेल्या पासबुकाचा फोटो जोडावा लागायचा. फोटो पुसट आला म्हणून दावे परत यायचे, आणि पुन्हा पासबुक, पुन्हा झेरॉक्स, पुन्हा शिक्का. एप्रिल 2025 मध्ये भविष्य निर्वाह निधी संघटनेनं ती अटच काढून टाकली. खातं आधीच पडताळलेलं आहे, मग पुन्हा कागद कशाला, एवढाच साधा विचार त्यामागं होता. बँकांना तो करायला काय हरकत आहे?

तेव्हा माझी मागणी अशी. जिल्ह्यातल्या बँकांनी स्वतःच्याच खात्याचा छापील उतारा खातेदाराकडून मागणं बंद करावं. दुसऱ्या बँकेचा लागला तर डिजिटल सहीची पीडीएफ किंवा ॲग्रिगेटरमार्फत आलेली माहिती पुरेशी मानावी. स्टेटमेंट छापायला देताना जाहिरात आणि रंगीत पट्टे नसलेला साधा नमुना निवडता यावा. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगलेच्या शाखांत पगाराच्या आठवड्यात पासबुक मशीन चालू, रिबन नवी आणि पुसट बारकोड बदलून द्यायला एक माणूस, एवढं व्हावं. आणि त्याच रांगेत उभ्या असलेल्या पोरांना यूपीआय लाइट कसं सुरू करायचं, ते कुणी तरी त्यांच्याच फोनवर दाखवावं. इथल्या उद्योजकांच्या संघटनेच्या, म्हणजे स्मॅकच्या सभागृहात कार्यक्रम ठेवलात तर माणसं जमवायचं आमच्याकडे लागलं.

यातल्या पहिल्या मागणीला ना मुंबईची परवानगी लागते ना नवं सॉफ्टवेअर. ती जिल्हास्तरीय समितीच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यावी ही विनंती. विषयपत्रिका मला मेलवर पाठवली तरी चालेल.

आपला,
शिरोली एमआयडीसीतला एक हिशेबनीस